नामदेव नाखव्याने पाहिलेला निळा थेंब

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात जयदेवला जयदेव म्हणणारी माणसं दोनच. एक त्याची आई पुतळाबाई आणि दुसरा पोस्टमन. बाकी सगळा गाव त्याला 'बंडल' म्हणायचा. बंडल आला, बंडल गेला, बंडलला चहा दे. आता गावाची अगदीच चूक होती असंही नाही. चौथीत असताना जयदेवने शाळेत छाती ठोकून सांगितलं होतं की आपल्या बापाच्या जाळ्यात आपल्याहून उंच जिताडा सापडला आणि तो होडीत शेपटीवर उभा राहून रडत होता. मासा उभा राहतो आणि वर रडतो, हे कोळ्यांच्या पोरांना सांगायचं म्हणजे हद्दच झाली. त्या दिवशी जे नाव चिकटलं ते पुढे मिशी फुटली, बाप गेला, नोकरी लागली तरी सुटलं नाही.

नोकरी नेरूळच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तारा गुंडाळायच्या, भिंगं पुसायची, मुलांनी जाळलेले बल्ब बदलायचे. पुतळाबाई मार्केटात पापलेट विकता विकता "माजा जयदेव कालेजात शिकवतो" असं गिऱ्हाइकांना सांगायची, आणि जयदेवही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. शिकवत नसला तरी त्याला त्या खोलीचं भारी वेड होतं. लोक नोकरीवरून सुटायची वाट बघतात, हा पठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी कुलूप बघून यायचा.

आणि दैवाची गंमत बघा. लहानपणी खोटं बोलून नाव घालवलेल्या या माणसाला देवाने नोकरी दिली ती अशा ठिकाणी, की तिथलं खरंच कोणाला खरं वाटू नये. ठाणे-बेलापूर रोडवरच्या गॅसच्या कारखान्यातून वर्षातून एकदोनदा कॉलेजात एक उंच, पोट सुटलेला, अरुंद गळ्याचा ॲल्युमिनियमचा कॅन यायचा. त्यात पाण्यासारखा पातळ नायट्रोजन. बर्फ त्याच्यापुढे गरम म्हणावा इतका गार. त्यात केळं बुडवलं की केळ्याने खिळा ठोकता यायचा. रबरी चेंडू बुडवून फरशीवर टाकला की काचेसारखा फुटायचा. जयदेव हे बघायचा आणि संध्याकाळी जेट्टीवर येऊन सांगायचा. जेट्टीवरची मंडळी जाळी विणता विणता हसून लोळायची. "केल्यानं खिला! आनि मंग हातोड्याची शिकरन केली काय रे बंडल?"

त्याला राग यायचा, पण सांगितल्याशिवाय राहवायचंही नाही. हा स्वभावच. असल्या माणसाला गप्प बसवायचं म्हणजे कोंबड्याला पहाटे गप्प बसवण्यासारखं आहे.

मग अमिता भेटली.

कॉलेजातला फोन बाराही महिने आजारी. त्यामुळे गॅसच्या कारखान्याला फोन करायचा तर जयदेवला नेरूळ स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथवर जावं लागायचं. बूथ सांभाळायची अमिता. दिवाळे गावच्या नामदेव नाखव्याची मुलगी, बारावी झालेली, नाकावर राग असलेली. जयदेव काचेच्या खोक्यात उभा राहून ओरडत होता, "हां, नायट्रोजन! धा लिटर! पातळवाला!" बाहेर आला तर ती पैसे घ्यायचं सोडून त्याच्याकडे बघत होती.

"नायट्रोजन तर हवेत असतो," ती म्हणाली. "तो लिटरमधे कसा मोजता?"

जयदेवने सांगितलं. सांगता सांगता मागे फोनसाठी रांग लागली, दोघंतिघं शिव्या देऊन निघून गेले. अमिता हसली नाही. तिने विचारलं, "आणि त्यात बोट घातलं तर?" मग विचारलं, "मग त्याला कॅन कसा चालतो, कॅन नाही का फुटत?" प्रश्नांमागून प्रश्न. जयदेवच्या आयुष्यात त्याचं ऐकून पुढचं विचारणारं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं होतं. त्या क्षणापासून कॉलेजला फोनची इतकी गरज पडू लागली की अरुणा मॅडमनीच एकदा विचारलं, "जयदेव, त्या कारखान्यात तुमचं कोणी नातेवाईक आहे का हो?"

अरुणा मॅडम म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका. सांगलीकडच्या, पदर खोचून काम करणाऱ्या, आवाज असा की व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या मुलाने सिगारेट विझवावी. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव सालच्या जानेवारीत, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्यांनी एक नवा प्रयोग बसवायला घेतला, आणि तो पहिल्यांदा जमला तेव्हा खोलीत त्या आणि जयदेव दोघंच होते.

प्रयोग दिसायला साधा. निमुळत्या बुडाचं एक ॲल्युमिनियमचं भांडं स्टँडला टांगलेलं. त्यात वरून पातळ नायट्रोजन ओतायचा. थंड बाटलीला बाहेरून घाम फुटतो तसा या भांड्यालाही फुटतो, फक्त हा घाम पाण्याचा नसतो, हवेचाच असतो. हवेतला ऑक्सिजन पातळ होऊन भांड्याच्या टोकावरून थेंब थेंब ठिबकतो. त्याच्या खाली ठेवायचं एक दांडगं घोड्याच्या नालेच्या आकाराचं चुंबक, दोन टोकं दाढांसारखी समोरासमोर आणि मधे बोटभर फट असलेलं. थेंब त्या फटीत पडतो, आणि खाली जातच नाही. चुंबक त्याला धरून ठेवतं. खाली भांडं नाही, वर दोरी नाही, आणि मधे पाणी लटकलेलं. नीळ घातलेल्या पाण्यासारखं फिकट निळं.

"नायट्रोजन ओता, तो सरळ खाली पडेल," मॅडम म्हणाल्या. "चुंबकाशी त्याचं देणंघेणं नाही. ऑक्सिजनला मात्र चुंबकाची ओढ असते. आपण रोज श्वासात घेतो तोच हा. वायू असतो तोवर ती ओढ कळत नाही, पातळ केला की अशी दिसते बघा."

जयदेवच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते वाफेमुळे आलंय असं त्याने मॅडमना उगाचच सांगितलं.

आता माणसाने असली गोष्ट पोटात ठेवावी की नाही? निदान मुलीचा बाप घरी आलेला असताना तरी ठेवावी. पण नाही. त्याच आठवड्यात नामदेव नाखवा स्थळ बघायला सारसोळ्याला आला. सगळं छान चाललं होतं. पुतळाबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि भरलेलं पापलेट केलं होतं, नाखव्याने दोनदा आमटी मागून घेतली होती. अमिताही बरोबर आली होती आणि मान खाली घालून हसू दाबत होती.

नामदेव नाखवा हे प्रस्थ होतं. दोन होड्यांचा मालक, दिवाळ्यात त्याच्या शब्दाला वजन. का, तर तो खोटं बोलत नाही म्हणून. जुनी होडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याला स्वतः हात धरून तिच्या भेगा दाखवणारा हा माणूस. भावाभावांच्या तंट्यात पंच म्हणून बसला आणि सख्ख्या भावाच्या विरुद्ध बोलला. भावाने वर्षभर तोंड बघितलं नाही, तरी याने शब्द फिरवला नाही. असली माणसं लांबून फार चांगली वाटतात. सासरा म्हणून कशी वाटतात हे जयदेवला त्या दुपारी कळलं.

"कालेजात काय करता तुमी?" नाखव्याने हात धुता धुता विचारलं.

झालं. जयदेव सुरू झाला. हवेचं पाणी करतो म्हणाला, त्या पाण्याचा थेंब चुंबकाच्या मधे हवेत लटकतो म्हणाला, निळा असतो म्हणाला. पुतळाबाई दारामागून डोळे वटारत होती. अमिताने मान वर केली आणि हळूच नकारार्थी हलवली. पण हा कुठला थांबायला.

नाखव्याने जाड भिंगांचा चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत घातला. मोतीबिंदू काढल्यापासून त्याचं सगळं जग त्या चष्म्यात होतं.

"मी वाशीच्या खाडीत पन्नास वर्सं पानी बगतोय," तो म्हणाला. "पानी लटकताना मी नाय बगितला. तुमच्याबद्दल गावात काय बोलतात त्ये माज्या कानावर व्हतं. मी बोललो, लोकांचं काय. पन ह्ये तर तुमी माज्या तोंडावर बोललात. चल गं अमिता."

"बाबा, ते खरं सांगतात," अमिता म्हणाली.

"तू बगितलंस?"

बापाचीच मुलगी ती, न बघितलेलं बघितलं कसं म्हणणार.

नाखवा ओटीवर थांबला. जयदेवचा पडलेला चेहरा बघून असेल किंवा मुलीचा बघून असेल, त्याने एक वाट ठेवली. "मना दाखव," तो एकदम अरे-तुरेवर आला. "माज्या डोल्यांना दिसला पायजे. दिसला, तर पोर तुजी. नाय दिसला, तर त्या बूथवर परत पाय ठेवायचा नाय."

अरुणा मॅडमनी हे सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मग हसल्या. प्रदर्शन शनिवारी संपत होतं. कॅनमधे बराच नायट्रोजन उरला होता आणि तो सोमवारपर्यंत असाही उडूनच जाणार होता. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "चुंबक सोमवारी जसंच्या तसं इथे पाहिजे. आणि ऐका. तेल, दिवा, उदबत्ती जवळ नको, ऑक्सिजनपाशी तेल म्हणजे भडका. उघड्या हाताने काही धरायचं नाही. बंद खोलीत सांडू द्यायचं नाही, श्वास घ्यायला हवा उरत नाही. आणि कॅनचं तोंड कधीही गच्च बंद करायचं नाही. त्याचं झाकण सैल असतं ते मुद्दाम. आत वाफ धरते."

पुतळाबाईच्या मासळीच्या टेम्पोतून कॅन, चुंबक, स्टँड असं सगळं वऱ्हाड सारसोळ्याला पोहोचलं. जयदेवने आईला सगळं समजावून सांगितलं. दिवा लावायचा नाही. तिने ओवाळायचं ताट तयार ठेवलं होतं, ते नाराजीने फडताळात ठेवलं. हात लावायचा नाही. बरं. खिडक्या उघड्या ठेवायच्या. बरं. झाकणाचं तेवढं सांगायचं राहिलं. झाकण आपलं आपण सैल बसतं, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटलं असावं.

रविवारी सकाळी तो नाखव्याला आणायला दिवाळ्याला गेला, आणि पुतळाबाई घरात कॅनसमोर एकटी राहिली.

आता पुतळाबाईची बाजू समजून घ्या. बाईचं सगळं आयुष्य बर्फ राखण्यात गेलेलं. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, भाताच्या तुसात पुरायची, वरून ओलं गोणपाट घालून फट म्हणून ठेवायची नाही, कारण जिथे फट तिथे बर्फ पळाला आणि बर्फ पळाला की मासळी गेली. आणि इथे पोराचा सगळा संसार त्या कॅनमधल्या गारव्यावर टांगलेला, आणि कॅनच्या तोंडावर हे एवढंसं हलतं झाकण! त्याच्या कडेने पांढरी वाफ राजरोस बाहेर चाललेली! तिचा जीव वरखाली झाला. शिकलेल्या लोकांना वस्तू राखता येत नाहीत, हे तिचं मत पहिल्यापासूनच होतं. तिने झाकण काढलं, ओल्या गोणपाटाचा बोळा गळ्यात चांगला ठासून बसवला, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि जाळ्याच्या नायलॉन दोरीने असं बांधलं की वादळातही सुटू नये. वाफ बंद झाली. बाई निश्चिंत मनाने कोळंबी सोलायला बसली.

ओलं गोणपाट गळ्यातच गोठून दगड झालं. आत नायट्रोजन आपल्या सवयीप्रमाणे उडत राहिला, आणि त्याला जायला जागा नव्हती.

जयदेव नाखव्याला आणि अमिताला घेऊन परत आला तेव्हा अंगणात निम्मा गाव जमला होता. बंडलची फजिती बघायला कोण येणार नाही? जेट्टीवरची मंडळी तर चटई टाकूनच बसली होती. नाखव्याला खुर्ची दिली. पुतळाबाई पदराला हात पुसत कौतुकाने म्हणाली, "काय कालजी करू नको. मी सगला चांगला बांदून ठेवलाय."

"काय बांधलंस, आये?" जयदेवने विचारलं.

उत्तर आतूनच आलं. भोक्क! असा आवाज झाला की खाडीवरचे बगळे उडाले. गोणपाटाचा गोठलेला बोळा दोरीसकट कौलं फोडून आभाळात गेला आणि शेजाऱ्याच्या पपईवर आपटला. पाठोपाठ दारातून पांढऱ्याशुभ्र ढगाचा लोट बाहेर आला. जयदेव "कोणी आत जाऊ नका!" म्हणून ओरडला, आईचा दंड धरून तिला मागे खेचलं आणि धक्क्याने आपटून मिटलेल्या खिडक्या बाहेरूनच धाडधाड उघडत सुटला. ढग थोडा विरला तेव्हा दिसलं की कॅन आडवा पडलाय आणि नायट्रोजनचे मणी होऊन जमिनीवरून सैरावैरा पळताहेत. पुतळाबाईची सोललेली कोळंबी त्यात सापडली होती. टोपली हलवली तर चिंचोके वाजावेत तशी खडखड वाजली.

मग जेट्टीवरच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. शिट्ट्या वाजल्या. "अरे बंडल, जमवलंस की! काय बार काढला!" एकजण तर म्हणाला, गावदेवीच्या जत्रेला हाच कार्यक्रम ठेवायचा. सगळ्यांना वाटलं, हाच तो प्रयोग.

आणि तिथे जयदेवला एक सोपी वाट दिसली. हो म्हटलं की झालं. एवढी गंमत बघितल्यावर थेंबाचं कोण विचारतंय? आई पदर तोंडावर धरून थरथरत होती, तिचीही लाज राहिली असती. कॅन उचलून त्याने हलवून पाहिला. तळाशी जेमतेम तांब्याभर उरला होता. तेवढ्यात थेंब सुटेल की नाही, देव जाणे.

त्याने नाखव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हा प्रयोग नाही, नाखवा. ही चूक झाली. माझीच. तोंड बांधायचं नसतं हे मी आईला सांगितलं नाही, आणि तिने गारवा राखायला बांधलं. बहुतेक सगळं गेलंय. जे दाखवायचं ते आता दिसेलच असं मी सांगू शकत नाही."

टाळ्या थांबल्या. कोणीतरी मागून पुटपुटलं, "घ्या, आता बंडल खरा बोलतोय." नाखवा हसला नाही. त्याने खुर्ची सोडली आणि म्हणाला, "जेवडा हाय तेवडा ओत."

ओटीवर चुंबक मांडलं, वर भांडं टांगलं. हातमोजे घालून जयदेवने उरलेला नायट्रोजन भांड्यात रिकामा केला. आधी नुसताच चर्र आवाज, नुसतीच वाफ. भांडं बाहेरून पांढरं पडलं. सगळे पुढे झुकले. अमिता खांबाला धरून उभी होती. पहिला थेंब सुटला तो चुंबकाच्या दाढेवर आपटून नाहीसा झाला. दुसरा बाजूने गेला. जयदेवने भांडं केसभर सरकवलं. वरचा नायट्रोजन संपत आल्याचं त्याला आवाजावरून कळत होतं.

"मना दिसत नाय," म्हणून नाखवा अगदी जवळ आला आणि चुंबकावर वाकला.

तिसरा थेंब सुटला आणि फटीत थांबला. चौथा त्याला येऊन मिळाला. दोन दाढांच्या मधे, खाली काही नसताना, निळं पाणी लटकलं. थरथरलं, पण पडलं नाही.

"निला! अरे निला हाय!" चटईवरची मंडळी उठून उभी राहिली. ज्याने शिकरणीचा विनोद केला होता तो गडी तोंड उघडं टाकून बघत होता. पुतळाबाईने न राहवून दोन्ही हात जोडले. अमिता मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. थेंब लहान होत होत हरभऱ्याएवढा झाला, मग ज्वारीएवढा, मग नव्हताच. वरचं भांडंही रिकामं झालं. आता पुन्हा दाखवायला काही उरलं नव्हतं.

जयदेवने मोठ्या आशेने नाखव्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिला. भांड्याच्या कडेवरून ओघळणारी सगळी वाफ थेट नाखव्याच्या तोंडावर येत होती. चष्म्याची दोन्ही भिंगं पांढरीफटक पडली होती, बर्फ धरावा तशी. त्या भिंगांतून थेंबच काय, समोर उभा राहिलेला हत्तीही दिसला नसता. गाव थेंबाकडे बघत होता, अमिता गावाकडे बघत होती. हे दिसलं फक्त जयदेवला.

नाखवा सरळ झाला. त्याने चष्मा पुसला नाही. गावाकडे त्याची पाठ होती, आणि सगळा गाव आता त्याच्याकडे बघत होता, कारण शब्द त्याचा होता. माज्या डोल्यांना दिसला पायजे, असं तो बोलून गेलेला होता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, पांढऱ्या भिंगांमागे, एक हात ओटीच्या खांबावर ठेवून.

"दिसला," नामदेव नाखवा म्हणाला. "निला व्हता."

मग तो मान खाली घालून अंगणाच्या कडेला गेला आणि पंच्याने चष्मा पुसत बसला. पुष्कळ वेळ पुसत होता.

लग्न होळीनंतर झालं. बँड दिवाळ्याचा, मासळी सारसोळ्याची, आणि अरुणा मॅडम पहिल्या पंगतीला. जयदेवला सारसोळ्यात आता बंडल म्हणत नाहीत, म्हणजे म्हणतात, पण वेगळ्या आवाजात. कौलांचं भोक पुतळाबाईने बुजवू दिलं नाही, नुसती काच बसवून घेतली. घरात उजेड बरा येतो म्हणते.

आणि नाखवा? पन्नास वर्षं खोटं न बोललेला माणूस एकदा सुटला तो सुटलाच. जेट्टीवर, पंगतीत, बाजारात, जिथे चार लोक भेटतील तिथे तो जावयाचा थेंब सांगू लागला. पहिल्यांदा थेंब लिंबाएवढा होता. पावसाळ्यापर्यंत पेरूएवढा झाला. दिवाळीत तर असोला नारळ. "माज्या डोल्यांनी बगितला," तो सांगायचा, आणि नामदेव नाखवा सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार. कोणी जयदेवला विचारलंच तर तो म्हणायचा, "नाखव्यांनी स्वतः पाहिलाय. त्यांनाच विचारा." गंमत म्हणजे त्याला आता फार बोलावंसंच वाटत नसे.

पुढच्या जानेवारीत कॉलेजचं प्रदर्शन पुन्हा भरलं. जयदेव भांड्यात नायट्रोजन ओतत होता, मॅडम मुलांना समजावत होत्या, अमिता दिवस गेलेली असूनही हट्टाने येऊन स्टुलावर बसली होती. मुलांच्या घोळक्यातून वाट काढत नामदेव नाखवा आत आला. कोणी बोलावलं नव्हतं. धुतलेला सदरा, खांद्यावर कोरा पंचा. चष्मा त्याने दारातच स्वच्छ पुसून घेतला होता, आणि या वेळी तो भांड्याजवळ गेला नाही. वाफ येणार नाही असा कोपरा त्याने नीट निवडला आणि तिथे उभा राहिला.

थेंब सुटला, चुंबकाच्या दाढांमधे थांबला, निळा, हरभऱ्याएवढा.

नाखव्याने मान पुढे केली. ओठ हलले. "येवडासाच?" तो स्वतःशीच म्हणाला. थेंब थरथरत होता आणि म्हाताऱ्याची मानही त्याच्याबरोबर थोडी थोडी हलत होती. "आयला," तो अगदी हळू म्हणाला, "खरंच लटकतो की रे!"

अमिताने वळून पाहिलं. "बाबा, तुम्ही तर मागेच पाहिला होता ना?"

नाखवा दचकला. त्याने जयदेवकडे पाहिलं. जयदेव मान खाली घालून भांड्यात नायट्रोजन ओतत होता. भांडं काठोकाठ भरलं होतं तरी ओतत होता.

"पाहिला होता गं त्यांनी," तो मान वर न करता म्हणाला. "त्या दिवशी मोठा होता."